हवा आधी मोजा, मग पार्ट घ्या: कोल्हापुरात रोज चालणाऱ्या टर्बो गाडीसाठी

पेट्रोल इंजिनात इंधन घालणे सोपे आहे. अवघड असते ते हवा आत नेणे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की पेट्रोल वाढते, पण हवा मात्र फिल्टर, पाईप, टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा), इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा भाग), थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) आणि व्हॉल्व्ह अशा लांब वाटेने न्यावी लागते, आणि या वाटेवर ती जिथे अडते, तापते किंवा गळते तिथे गाडीचा पिकअप मरतो. ढोबळ हिशोब असा की दर सेकंदाला एक ग्रॅम हवा आत गेली तर साधारण सव्वा अश्वशक्ती मिळते. म्हणजे १५० अश्वशक्तीचे दीड लिटरचे टर्बो इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला सुमारे १२० ग्रॅम हवा ओढत असते.

पोलो जीटी, व्हर्टस, स्लाव्हिया किंवा आय-ट्वेंटी एन लाइन यांसारखी टर्बो पेट्रोल गाडी ज्यांच्याकडे आहे, जी रोज सकाळी शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कामावर जाते आणि रविवारी गगनबावड्याचा घाट चढते, अशा नवख्या मालकांसाठी हे लिहिले आहे. केवळ ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचे गणित वेगळे असते आणि ते येथे घेतलेले नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी आपल्या गावाची हवा समजून घ्यावी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे येथे हवेचा दाब रत्नागिरीपेक्षा सुमारे सहा टक्के कमी असतो. पन्हाळ्यावर गेलो की ही तूट अकरा टक्क्यांच्या घरात जाते. त्यात तापमानाची भर पडते. २५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४० अंशांची हवा सुमारे पाच टक्के विरळ असते आणि बॉनेटखालची ६० अंशांची हवा दहा टक्के विरळ. एप्रिलच्या दुपारी गाडी जड वाटते ती मनाची समजूत नसते. टर्बो यातली बरीचशी तूट भरून काढतो, मात्र त्यासाठी तो जास्त वेगाने फिरतो आणि हवा आणखी तापवतो.

पहिली पायरी: गाडी मुळात निरोगी आहे का

माझ्या पाहण्यात जितक्या लोकांनी ‘पॉवर कमी वाटते’ म्हणून फिल्टर आणि सायलेन्सर बदलले, त्यांतल्या निम्म्याअधिक गाड्यांना खरे तर सर्व्हिसिंगची गरज होती. स्पार्क प्लग झिजलेले असतील किंवा एखादी इग्निशन कॉइल कमकुवत असेल, तर साध्या चालवण्यात काही जाणवत नाही, परंतु बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, चढले की गाडी मिसिंग मारते. सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना बनणारा दाब) तपासून घ्यावे. त्यांच्यात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ताकद वाढवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्यावी. हवा मोजणारा मॅफ सेन्सर असेल तर तो केवळ त्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने साफ करावा. कार्बोरेटर क्लीनर, फडके किंवा कापसाची काडी त्याच्या तारेला लावू नये.

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात आणखी एक अडचण असते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर ते कधी पडत नाही, आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या तळच्या पेटीतून) येणाऱ्या तेलकट वाफांचा कार्बन तेथे थरावर थर साचतो. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत हा थर हवेची वाट प्रत्यक्षच अरुंद करतो. टाकीत ओतायच्या औषधाने तो जात नाही, कारण ते औषध व्हॉल्व्हच्या त्या बाजूला पोहोचतच नाही. इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाईपचा संच) उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या बारीक भुश्याचा मारा करून तो काढतात. महाग फिल्टरपेक्षा या साफसफाईने पिकअप जास्त सुधारल्याचे अनेकदा दिसते.

दुसरी पायरी: सुरुवातीची नोंद

ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीसाठी असलेल्या सॉकेटला) लागणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचे एखादे ॲप एवढ्यावर काम भागते. इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, मॅनिफोल्डमधला दाब, आत जाणाऱ्या हवेचे तापमान, हवेचे ग्रॅम, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि फ्युएल ट्रिम (इंजिनाच्या संगणकाने इंधनात केलेली कमी-जास्त) या सहा गोष्टी नोंदवाव्यात. सेन्सर खरे बोलतो की नाही हे पाहण्याचा एक फुकटचा मार्ग आहे. इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवावी आणि मॅनिफोल्डचा दाब वाचावा. कोल्हापुरात तो ९४-९५ किलोपास्कलच्या जवळ दिसला पाहिजे आणि पन्हाळ्याच्या वाहनतळावर ९० च्या आसपास. तो १०१ दाखवत असेल तर सेन्सर किंवा ॲप यांपैकी एकात गडबड आहे.

यानंतर सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, शेजारी एक माणूस बसवून दुसऱ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि वेगमर्यादेच्या आत ५,५०० फेऱ्यांपर्यंतची नोंद घ्यावी. दुसऱ्या गिअरमध्ये हा वेग बहुतेक गाड्यांत ताशी ८० किलोमीटरच्या आतच राहतो. फोनकडे लक्ष शेजारच्याने द्यायचे आहे, चालकाने नव्हे. तोच रस्ता, तीच दिशा आणि शक्यतो तेच तापमान ठेवून तीन वेळा नोंद घेऊन मधली धरावी. डायनोची (चाके रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्राची) सोय झाली तर उत्तमच, पण डायनोचा आकडा दुसऱ्या डायनोच्या आकड्याशी ताडू नये.

तिसरी पायरी: गवंड्याच्या नळीने अडथळा शोधणे

ही पायरी सर्वांत कमी खर्चाची आहे, आणि नेमकी हीच सगळे टाळतात. गवंडी भिंतीची लेव्हल पाहायला जी पारदर्शक नळी वापरतो, ती हार्डवेअरच्या दुकानातून चार-पाच मीटर आणावी. एका फळीवर ती इंग्रजी ‘यू’ च्या आकारात ठोकावी, दोन्ही बाजू किमान एक मीटर उंच ठेवाव्यात, मध्ये रंगीत पाणी भरावे आणि शेजारी मोजपट्टी चिकटवावी. एक टोक केबिनमध्ये मोकळे राहू द्यावे आणि दुसरे खिडकीच्या फटीतून बॉनेटखाली नेऊन हवेच्या वाटेला जोडावे. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या मध्ये एक रिकामी बाटली जोडायला विसरू नये. पाणी उसळलेच तर ते बाटलीत पडते, टर्बोत जात नाही.

मोजायचे कसे ते सांगतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर ५,००० फेऱ्यांच्या पुढे दोन बाजूंच्या पाण्यात १०० मिलिमीटरचा फरक पडला, तर तो जवळपास एक किलोपास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक टक्का होतो. आधी नळी एअर बॉक्सच्या (फिल्टरच्या पेटीच्या) खालच्या भागाला, फिल्टरच्या अलीकडे जोडावी. मिळणारा आकडा हा केवळ तोंडाकडच्या पाईपचा अडथळा असतो. मग फिल्टरच्या पलीकडे जोडावी आणि शेवटी टर्बोच्या अगदी तोंडाशी. एकातून दुसरा वजा केला की कोणता तुकडा किती अडवतो ते कागदावर उतरते. जोडण्यासाठी मूळ पाईपवरचा एखादा छोटा निपल मोकळा करता आला तर तो वापरावा. भोक पाडायचेच असेल तर ते एअर बॉक्सला, बॉक्स गाडीतून बाहेर काढून, बारीक पाडावे, प्लॅस्टिकचा चुरा पूर्ण पुसावा आणि काम झाल्यावर रबरी बूच बसवावे. चुऱ्याचा एक कणसुद्धा टर्बोच्या पात्यांना पुरेसा असतो.

माझ्या स्वतःच्या गाडीत सगळा मिळून फरक ३८० मिलिमीटर भरला. त्यांतले २१० मिलिमीटर एकट्या फिल्टरचे होते, कारण तो ऊसहंगाम पार करून आलेला होता. नवा साधा कागदी फिल्टर घातल्यावर तेच ७० झाले. ज्या कार्यक्षम म्हणवणाऱ्या फिल्टरसाठी मी काही हजार रुपये मोजायला निघालो होतो, त्याने कमाल ७० पैकी थोडे वाचवले असते, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

चौथी पायरी: फिल्टर आणि हवेचे तोंड

आपल्याकडे धुळीचा विचार कोणत्याही परदेशी सल्ल्यापेक्षा वर ठेवावा लागतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चालताना, वीटभट्ट्यांच्या पट्ट्यातून जाताना किंवा महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामाजवळून जाताना जी माती उडते, ती अडवणे हे फिल्टरचे पहिले काम आहे. हवा सोडणे दुसरे. म्हणून रोजच्या गाडीला मूळ एअर बॉक्समध्ये बसणारा चांगल्या प्रतीचा कागदी पॅनेल फिल्टर ठेवावा आणि तो सर्व्हिस पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलावा. तेल लावायचा सुती फिल्टर वापरायचाच असेल, तर तेल जरुरीपेक्षा जास्त झाल्यास ते मॅफ सेन्सरवर जाऊन बसते आणि इंजिन हवा कमी समजू लागते, हे लक्षात ठेवावे.

शंकूच्या आकाराच्या उघड्या कोन फिल्टरबद्दल माझे मत स्वच्छ आहे: बंद पेटीशिवाय तो बसवू नये. मी बसवला होता. आवाज मोठा झाला, टर्बोची शिट्टी ऐकू येऊ लागली, आणि दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर थांबल्यावर आत जाणाऱ्या हवेचे तापमान ६४ अंशांवर गेले. नोंदवहीत हवेचे ग्रॅम वाढले तर नाहीतच, उलट घटले. ज्या गॅरेजमध्ये तो बसवला तेथे पाईपची क्लिपही सैल राहिली होती, त्यामुळे काही धूळ फिल्टरला वळसा घालून आत गेली. बोटाने पाईपच्या आतून पुसले तेव्हा बोट विटकरी निघाले. तो फिल्टर आता माळ्यावर आहे.

थंड हवा समोरच्या जाळीतून, रेडिएटरच्या वरून घेणे हा खरा उपाय आहे, आणि बहुतेक नव्या गाड्यांत कंपनीने तो केलेलाच असतो. तेथे जाळीत अडकलेली पाने, किडे आणि चिखल साफ करणे, तोंडाकडच्या पाईपचा निखळलेला जोड बसवणे आणि पाईप टर्बोच्या अगदी जवळून जात असेल तर त्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळणे एवढे करावे.

हवेचे तोंड खाली, बंपरच्या कोपऱ्यात नेणारे किट मात्र कोल्हापुरात घेऊ नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पाण्याने शिरोलीजवळ महामार्ग बंद पाडला ते सर्वांना आठवते, पण त्यासाठी महापूर यावा लागत नाही. जुलैमधला एखादा तासाचा पाऊस आणि समोरून आलेल्या बसने उडवलेली लाट पुरेशी असते. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टन वर येताना अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात असे इंजिन सहसा बसत नाही, त्याला इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम लागते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून पाहू नये.

पाचवी पायरी: गळती आणि उष्णता

टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरकडे नेणारे रबरी होज पाईप, त्यांच्या क्लिपा आणि ओ-रिंगा यांतून हवा निसटते तेव्हा टर्बो तेवढेच बूस्ट देण्यासाठी जास्त राबतो. लक्षणे ओळखण्यासारखी असतात: ॲक्सिलरेटर दाबल्यावर हिस्स असा आवाज, होजच्या जोडाभोवती तेलाचा ओलसर डाग, आणि नोंदीत मागितलेल्या बूस्टपेक्षा मिळालेले बूस्ट कमी. आयडलवर (गाडी उभी, इंजिन सुरू) लाँग टर्म फ्युएल ट्रिम +१० टक्क्यांच्या वर राहत असेल तर थ्रॉटलच्या पलीकडे कुठेतरी बाहेरची हवा आत शिरत असण्याची शक्यता मोठी असते. पाईपांत धूर सोडून गळती दाखवणारे यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये तपासणी करून घेणे सर्वांत सोपे. घरी करायचेच तर पंक्चरवाल्यासारखे साबणाचे पाणी आणि पायाचा पंप चालतो, मात्र दाब अर्ध्या बारच्या वर नेऊ नये.

उष्णतेचे मोजमाप नोंदीतच असते. गाडी चालती असताना इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असेल तर इंटरकूलर आपले काम करतो आहे आणि तो बदलण्यात अर्थ नाही. करूळ घाट चढताना हा फरक तीस-चाळीस अंशांवर जाऊन खाली येतच नसेल, तरच मोठ्या इंटरकूलरचा विचार करावा. मोठा इंटरकूलर म्हणजे हवेने भरायला जास्त जागा, म्हणजे बूस्ट यायला किंचित उशीर, आणि रेडिएटरसमोर आणखी एक आडोसा. १.० आणि १.५ टीएसआय (फोक्सवॅगन-स्कोडाच्या टर्बो पेट्रोल) इंजिनांत इंटरकूलर पाण्याने थंड होतो, त्यामुळे तेथे आधी त्या पाण्याचा पंप, कूलंटची पातळी आणि आत अडकलेली हवा तपासावी.

सहावी पायरी: एक्झॉस्ट, थोडक्यात

इंजिनाला थोडे बॅक प्रेशर हवेच असते, ही समजूत टर्बो गाडीला लागू नाही. टर्बोनंतरचा अडथळा जितका कमी तितके बरे. तरीसुद्धा केवळ मागचा सायलेन्सर बदलून, इंजिनाच्या संगणकाच्या मूळ प्रोग्रॅमवर मिळणारी वाढ इतकी अल्प असते की ती नोंदीतही ओळखू येत नाही. जो अडथळा मोजण्याजोगा असतो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (धूर शुद्ध करणाऱ्या भागाचा), आणि तो काढता येत नाही, काढूही नये. बीएस-६ गाडीत त्याच्या अलीकडे-पलीकडे सेन्सर असतात, पीयूसी अडते आणि केबिनमध्ये वास येतो तो वेगळाच.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केले. आवाज आणि धुराच्या नियमभंगासाठी कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय परवाना तीन महिने अपात्र ठरतो. एमएच-०९ च्या गाडीला शाहूपुरीत रात्री फटाके फोडणारा सायलेन्सर लावणाऱ्यांना हे सांगून उपयोग होत नाही, पण नवख्याला होईल.

सातवी पायरी: रिमॅप, तोही सर्व झाल्यावरच

टर्बो गाडीत मोठी वाढ येते ती ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) प्रोग्रॅम बदलून, म्हणजे रिमॅप करून, कारण तेथे बूस्ट आणि इग्निशन टायमिंग दोन्ही हलवता येतात. बिनटर्बो इंजिनात त्याच पैशात हाती फार काही लागत नाही. रिमॅपने वॉरंटी जाऊ शकते आणि विमा कंपनीला बदल कळवावा लागतो, हे गृहीत धरूनच पुढे जावे.

येथे इंजिनापेक्षा गिअरबॉक्स आधी पाहावा. १.५ टीएसआय कंपनीतूनच २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि तिच्या सोबत येणाऱ्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची क्षमताही २५० न्यूटन-मीटरच आहे. अशा गाडीत टॉर्क वाढवणे म्हणजे क्लचचे आयुष्य विकून पिकअप घेणे. १.० टीएसआयमध्ये १७८ न्यूटन-मीटर असल्याने तेथे जागा उरते. रिमॅप करणाऱ्याला स्पष्ट सांगावे की खालच्या फेऱ्यांवर टॉर्कची उडी नको, वाढ ३,००० फेऱ्यांच्या पुढे हवी. १,५०० फेऱ्यांवर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यास छोट्या टर्बो इंजिनांत ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि त्यात पिस्टनच्या कडा तुटतात. एपीआय एसपी दर्जाचे तेल हा धोका कमी करते, गिअर खाली घेण्याची सवय त्याहून जास्त.

इंधनही एकच ठरवावे. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर बांधलेला प्रोग्रॅम कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालवला की नॉक (मिश्रणाचा अवेळी स्फोट) ओळखणारा सेन्सर टायमिंग मागे खेचतो आणि कमावलेले सगळे जाते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, ज्यात आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा वाटा आहे. इथेनॉल नॉक रोखते आणि बाष्प होताना हवा थंड करते, परंतु त्याच्यात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे त्याच हवेला इंधन जास्त लागते. १४.७ चे प्रमाण अशा पेट्रोलसाठी साडेतेराच्या जवळ येते. प्रोग्रॅम देणाऱ्याला हे ठाऊक आहे का, हे विचारायला संकोच करू नये. उत्तर मिळाले नाही तर दुसरा शोधावा. रिमॅपनंतर प्लगची फट थोडी कमी ठेवावी लागते आणि तेल लवकर बदलावे लागते.

हेड पोर्टिंगविषयी (सिलिंडर हेडमधल्या हवेच्या वाटा, म्हणजे पोर्ट, घासून मोठे करण्याविषयी) अनेकजण विचारतात, आणि कोल्हापुरात ते स्वाभाविकच आहे, कारण येथील फाउंड्रींमध्ये वाहनांची कास्टिंग ओतली जातात आणि उद्यमनगरात हेड फेसिंगपासून बोअरिंगपर्यंत सर्व कामे करणारे कसलेले हात आहेत. व्हॉल्व्ह सीट नीट कापून व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवणे) करून घेणे, गास्केट आणि पोर्टची तोंडे जुळवणे, ही कामे हेड काही कारणाने खोललेलेच असेल तर अवश्य करावीत. पोर्ट मोठे करणे मात्र रोजच्या गाडीत नको. पोर्ट मोठा झाला की हवेचा वेग कमी होतो, आणि शहरात ज्या २,००० ते ३,५०० फेऱ्यांत आपण जगतो तेथेच गाडी ढिली पडते.

प्रत्येक बदलानंतर दुसऱ्या पायरीतली नोंद पुन्हा घ्यावी, एका वेळी एकच बदल करावा आणि दोन नोंदी एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहाव्यात. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट, त्याच्या बोल्ट आणि क्लिपांसकट, पिशवीत घालून वर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावा. गाडी विकताना किंवा आरटीओत तपासणीला नेताना तीच पिशवी शोधावी लागते.